बिनसाखरेचे लाडू

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज भास्कर सरांनी मला पहिली स्वतंत्र फाईल दिली. सर पूर्वी पोलिसात होते, आता विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करतात. ऑफिस म्हणजे रत्नागिरीच्या बाजारातल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. दुपारी त्यांची सावली सरांच्या तोंडावर पडते आणि ते हसतायत की नाही ते कळत नाही.

प्रकरण असं: सलिल नावाचे आंबा बागायतदार संक्रांतीनंतर एका पहाटे समर्थ नावाच्या माणसाच्या होडीतून गळ टाकायला गेले. होडी खाडीच्या तोंडाशी उलटलेली सापडली. सलिल यांचा मोबाईल आणि एक चप्पल होडीच्या दोरात अडकली होती. ते स्वतः सापडले नाहीत. समर्थ किनाऱ्यावर दारूच्या अमलात झोपलेला होता. तो म्हणतो, "मी त्यांना पलीकडच्या खडकावर जिवंत उतरवला, त्यांनीच मला बाटली दिली." पोलिसांना ते पटलेलं नाही. दोघांचं आधी भांडण झालं होतं म्हणे. समर्थ तुरुंगात आहे.

सर म्हणाले, "प्रेत नाही म्हणजे कंपनी दावा वर्षानुवर्षं अडवू शकते. आपण लिहिलं की माणूस बुडालाच, तर अडवायला कारण राहत नाही. आणि त्या समर्थच्या विरुद्ध आणखी एक कागद तयार होतो. तेव्हा नीट बघ."

"कुठून सुरुवात करू सर?"

"घर बघ, राही. माणूस गेलेलं घर वेगळं असतं. सही तुझीच राहील, मी फक्त नजर टाकीन."

केवढा विश्वास! संध्याकाळी लांज्याला घरी फोन केला. बाबा काजूच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. त्यांना काय काम ते नीट समजलं नाही. म्हणाले, "म्हणजे खरं काय ते तू ठरवणार?" आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. मी हो म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सलिल यांचं घर शहराबाहेर, समुद्रावरच्या एका गावात आहे. दावेदाराचं गाव डोक्यात ठेवायचं, कागदावर नाही, असं सर सांगतात, म्हणून गावाचं नाव इथेही लिहीत नाही. कातळावर डोळे दिपतील असं ऊन, आणि फाटकातून आत गेलं की कलमांची इतकी दाट सावली की काही क्षण काहीच दिसत नाही. मी तशी आंधळ्यासारखी उभी असताना आवाज आला, "थांब जरा. डोळे बसतील."

त्या मनस्विनीताई. सलिल यांच्या पत्नी. पस्तिशीच्या असतील. साधी सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू. माझ्या नजरेकडे बघून म्हणाल्या, "लोकांना आवडत नाही हे. पण कोणी मला येऊन सांगितलेलं नाही की ते नाहीत."

घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंचं नाव दमयंती, गावात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. मी आजी म्हटलं. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, मला आमसुलाचं सरबत दिलं आणि विचारलं, "साखर चालते ना तुला? आमच्या सलिलला चालत नाही."

मनस्विनीताई हळूच म्हणाल्या, "आई अजून तसंच बोलतात."

सलिल यांना मधुमेह होता, ते फाईलमध्येही आहे. म्हाताऱ्या माणसाला भूतकाळात बोलायला जमत नाही, हे बघून फार वाईट वाटलं.

निघताना ताईंनी माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं. आजवर मला कोणी विचारलं नव्हतं की बी. ए. ला कोणता विषय घेतला होतास आणि तो का घेतलास.

८ फेब्रुवारी, शनिवार

मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन समर्थच्या बायकोला भेटले. सगुणा तिचं नाव. मासळीचा लिलाव उरकत आला होता. बर्फ फोडण्याचा आवाज, त्यात तिचा आवाज त्याहून वर. मी विम्याकडून आले म्हटल्यावर हातातली सुरमई तिने टोपलीत आपटली.

"आता तू काय लिवणार? पोलिसांनी लिवलंय तेच?"

"मी खरं लिहिणार."

"अगो बाय, खरं लिवायला खरं दिसाय लागतं. माझा घोव दारू पितो. खोटं नाय सांगत. पण माणसाला पान्यात टाकून किनाऱ्यावर निजंल असा नाय तो. उतरवला म्हनतो तर उतरवला."

"भांडण झालं होतं ना त्यांचं?"

"वर्षातून दहा जणांशी भांडतो. दहाही जिवंत हायत, जा विचार."

बाजूच्या बायका हसल्या. सगुणा हसली नाही. माझ्या ओढणीचं टोक ओल्या जमिनीला लागत होतं, ते तिने उचलून माझ्या खांद्यावर टाकलं.

तिच्याबद्दल सहानुभूती वाटते. पण बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार. आपण निःपक्षपाती राहायला हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ताईंकडे जेवले आणि दुपारी त्यांनी मला एक सिनेमा दाखवला. त्या लग्नाआधी पुण्यात एक फिल्म सोसायटी चालवायच्या. जुने परदेशी कृष्णधवल गुन्हेपट ही त्यांची आवड. या प्रकाराला नॉयर म्हणतात, फ्रेंच शब्द, म्हणजे काळा. खोलीची दारं लावून, पडदे ओढून बसलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पडद्यावर ओले रस्ते, जिन्यावर लांबत जाणारी सावली, चेहऱ्याचा अर्धा भागच दिसेल असा दिवा.

ताई मधेमधे समजावत होत्या. या सिनेमांत चांगला माणूस असा नसतोच, प्रत्येकाच्या अंगावर थोडा काळोख असतो. नायक स्वतःला हुशार समजतो. एक सुंदर बाई येते. तिला काहीतरी हवं असतं. शेवट पहिल्या दहा मिनिटांत ठरलेला असतो, फक्त नायकाला तो माहीत नसतो.

मी म्हटलं, "मला एक पटत नाही. नेहमी बाईच का फसवते? हे पुरुषांनी लिहिलंय म्हणून. एकटी, हुशार बाई दिसली की हिच्यात काहीतरी काळंबेरं आहे असं धरूनच चालायचं. आपल्याकडे विधवेबद्दल तेच करतात."

ताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "फसवणारी बाई नसतेच गं. फसायला आलेला माणूस दाराशी उभा असतो. ती फक्त दार उघडते."

मला हे फार खोल वाटलं, म्हणून घरी आल्याबरोबर लिहून ठेवते आहे.

त्यांनी मला एक शाईचं पेन दिलं, हिरवट रंगाचं. "अहवाल चांगल्या पेनाने लिहावा." मी नको म्हटलं, चौकशीत भेट घेऊ नये. त्या म्हणाल्या, "मग चौकशी करणाऱ्या बाईला नाही देत. राहीला देते." त्यांच्या मनात गावात मुलींसाठी वसतिगृह काढायचं आहे, सलिल यांच्या नावाने. दावा मंजूर झाला तरच ते होईल. "आणि ते चालवायला तुझ्यासारखी मुलगी लागेल," म्हणाल्या.

लांज्याहून रोज एस. टी. ने येऊन-जाऊन कॉलेज केलेली मी. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी त्या प्रवासापायी कॉलेज सोडलं. हे पैशासाठी नाही, हे मी स्वतःला नीट विचारून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

किरकोळ नोंद. ताईंकडून परत येत होते तेव्हा आजींनी एक पिशवी दिली, खेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायला. लोट्याच्या फाट्यावर आजींचा भाचा उतरवून घेतो, तो तिथल्या एका कारखान्यात नव्याने लागला आहे. पिशवीत कुळथाचं पीठ, मेतकूट आणि खजुराचे लाडू. "बिनसाखरेचे आहेत, सांग," आजी म्हणाल्या. ताई बाहेर आल्या आणि आजींना म्हणाल्या, "हिला कशाला त्रास?" मी म्हटलं, त्रास कसला, वाटेतच आहे स्टँड.

सरांच्या टेबलाखाली हापूसची पेटी दिसली. फेब्रुवारीतला हापूस! पेटीला निळी दोरी होती. सरांना आंब्याची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी जे केलं ते बरोबर की चूक, नक्की ठरवता येत नाही.

सरांनी माझा कच्चा अहवाल वाचला. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हे कंपनी विचारणार. महिना उलटला, घरच्यांनी क्रियाकर्म का केलं नाही?"

मी म्हटलं, आशा आहे म्हणून.

"आशा लिहायला रकाना नाही. प्रेत नसलं तर दर्भाचा पुतळा करून जाळतात. घरचेच मेला म्हणत नाहीत, तर कंपनी का म्हणेल?"

मी दुपारी ताईंकडे गेले आणि त्यांना हे सांगितलं. नुसती माहिती म्हणून. त्यांच्या दुःखामुळे त्यांचं नुकसान होऊ नये, एवढाच हेतू होता. पण चौकशी करणाऱ्याने हे सांगायचं असतं का? ताईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे तू मला सांगितलंस ते कुणाला सांगू नकोस. तुझ्यासाठी सांगते."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आजी दाराशी उभ्या होत्या. "पुतळा?" एवढंच म्हणाल्या.

७ मार्च, शुक्रवार

आज खाडीकाठी विधी झाला. दर्भाचा माणूस. त्याला पंचा गुंडाळला होता. सलिल यांच्या चुलतभावाने अग्नी दिला. ऊन इतकं होतं की ज्वाळा दिसतच नव्हती, नुसती हवा थरथरत होती आणि गवत काळं पडत होतं.

आजी आल्या नाहीत. त्या देवघरात आतून कडी लावून बसल्या. आम्ही परत आलो तेव्हा शेजारणी ताईंचं कुंकू पुसायला पुढे झाल्या. आजी कडी काढून धावत आल्या आणि दोघींच्या मध्ये उभ्या राहिल्या. "माझ्या घरात हे व्हायचं नाही. हात लावाल तर बघा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सत्तरीची बाई, चौथीपर्यंत शिकलेली, आणि ही दुष्ट रूढी दारातून परत पाठवते. आमच्या कॉलेजात स्त्रीमुक्तीवर भाषणं देणाऱ्यांनी बघायला हवं होतं.

आजपासून बारा दिवस घरात सुतक. म्हणजे शिमग्याची पालखी यंदा यांच्या अंगणात यायची नाही. चुलतभाऊ म्हणाला, इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. आजींनी ते ऐकलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, बोट पांढरं पडेपर्यंत.

१२ मार्च, बुधवार

अहवाल दिला. 'सलिल यांचा मृत्यू बुडून झाला असल्याबद्दल वाजवी शंका उरत नाही. होडीचालकाचे कथन विश्वसनीय वाटत नाही.' दुसरं वाक्य लिहिताना सगुणाचा हात आठवला. पण भावनेने वाहून जायचं नाही. सही केली, हिरव्या पेनाने. सरांनी सही केली नाही. "तुझी पहिली केस आहे, श्रेय तुझं," म्हणाले.

१६ मार्च, रविवार

होळी झाली, देव देवळातून बाहेर पडले. आज पालखी ताईंच्या वाडीत होती. ताईंनी मला बोलावलं होतं, पण फाटक बंद. पालखी त्यांच्या फाटकासमोरून ढोलांच्या गजरात गेली आणि थांबली नाही. आत ओसरीवर आजी उभ्या दिसल्या.

दुपारी पालखी सहाणेवर बसवली, म्हणजे वाडीतल्या चौथऱ्यावर, आंब्याच्या सावलीत. मंडळी जेवायला गेली. एक म्हातारा मानकरी राखणीला होता, तोही खांबाला टेकून पेंगत होता. मी पलीकडच्या दगडी गडग्यावर बसून पाणी पीत होते.

तेवढ्यात मागच्या बागेतून आजी आल्या. अनवाणी. हातात सूप, त्यात नारळ, तांदूळ, खण. इकडेतिकडे न बघता पालखीशी गेल्या, ओटी भरली, देवीच्या रुप्याच्या मुखवट्याला दोन्ही हात लावले आणि ते हात स्वतःच्या तोंडावरून फिरवले. वळल्या तेव्हा मी दिसले. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं नाही की काही नाही. नुसत्या बघत राहिल्या, मग आल्या तशा झाडांत गेल्या.

सुतकात पालखीला हात! मी कुणाला सांगणार नाही. आजींनी सुतकच झुगारून दिलं. या घरातल्या दोघी बायकांबद्दलचा माझा आदर आणखी वाढला.

१७ मार्च, सोमवार

आईला फोनवर ही गोष्ट सांगितली, नाव न सांगता. वाटलं होतं ती खूश होईल.

"येड लागलं काय तुला? तसं नाय करनार कोन."

"आई, मी डोळ्यांनी बघितलं. त्या सुधारक आहेत."

"मला ते सुधारकबिधारक नको सांगू. पालखीला मानणारी बाई हाय ना? ओटी घेऊन गेली म्हणजे मानतेच की. ज्याला देव मानायचा नाय तो ओटी भरायला कशाला जाईल? आनि जी मानते ती सुतकात हात लावायची नाय. तिचा हात पुढं जायचाच नाय."

"मग लावला कसा?"

"तिला सुतक नसंल."

"अगं, मुलगा गेलाय तिचा."

आई म्हणाली, "तिला इचार."

फोन ठेवला आणि मी इथे बसले आहे. आजी देवघरात कडी लावून बसल्या. पुतळा म्हटल्यावर भांडं पडलं. कुंकू पुसू दिलं नाही. साखर चालत नाही. चालत नव्हती असं नाही म्हणाल्या. आणि लोट्याचा तो भाचा, नव्याने लागलेला. लाडू बिनसाखरेचे.

ती पिशवी मी माझ्या हाताने गाडीत ठेवली.

१८ मार्च, मंगळवार

सरांना आजींचं सगळं सांगितलं. पट्ट्यांची सावली त्यांच्या तोंडावर होती.

"म्हातारीने ओटी भरली," ते म्हणाले. "बरं. मग? कोर्टात ओटी चालते?"

"लोट्याला जाऊन बघता येईल सर."

"कोणी? तू? कोणत्या अधिकाराने? अहवाल गेला. खाली सही कोणाची आहे?"

"माझी."

"आणि त्या बाईला क्रियाकर्म करायला कोणी सांगितलं, ते विचारलं तर काय सांगशील?"

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. टेबलाखाली आणखी एक पेटी होती. निळी दोरी. अशाच दोरीची गुंडाळी मी ताईंच्या पडवीत खिळ्याला टांगलेली बघितली आहे, प्रत्येक वेळी बघितली आहे.

"सर, ही फाईल तुम्ही मलाच का दिलीत?"

"तू प्रामाणिक आहेस म्हणून," सर म्हणाले. "प्रामाणिक मुलीच्या सहीवर कोणी शंका घेत नाही. जा, जेवून ये. दोन दिवसांनी बरं वाटेल."

२० मार्च, गुरुवार

ताई शहरात गेल्याचं बघून आजींकडे गेले. त्या अंगणात आमसुलं उन्हात पसरत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि पसरू लागले. कसं विचारायचं ते घोकून आले होते, पण आजींनीच सुरुवात केली.

"तू शिकलेली आहेस. मला एक सांग. जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर त्याचं आयुष्य कमी होतं का?"

माझे हात थांबले.

मी जर हो म्हटलं असतं, तर त्या तिथल्या तिथे सगळं बोलल्या असत्या, मुलाला वाचवायला म्हणून. पोलीस ठाण्यातही आल्या असत्या माझ्याबरोबर. एका शब्दाने झालं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी इतके दिवस ज्या घरात खोटं ऐकत होते, तिथे माझं एक खोटं कुणाला दिसलंही नसतं.

"नाही आजी," मी म्हटलं. "गवत जळतं. माणसाला काही होत नाही."

त्यांनी डोळे मिटले. श्वास सोडला. किती दिवसांचा असेल कोण जाणे.

"पण समर्थ तुरुंगात आहे. ते होतंय."

त्या एक एक आमसूल उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मनस्विनी मला म्हणाली, आई, कुणाचं काही बिघडत नाही, कंपनी मोठी असते. बागेवर कर्ज झालंय, थोडे दिवस कळ काढा. समर्थचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगुणा फाटकाशी आली तेव्हा कळलं. शिव्या देत होती. मी दार लावून घेतलं."

"आजी, तुम्ही पोलिसांना सांगाल?"

"पोटच्या पोराला धरून देऊ? तू मला हे विचारत्येस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "ओटी भरताना तू बघितलंस. मग गावात कुणाला सांगितलं का नाहीस? गावाने मला देवीसमोर उभी केली असती. तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. तेव्हा मला काही समजलंच नव्हतं. पण यापुढे सांगणार नाही, हे मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं, आणि ते खरं आहे.

२१ मार्च, शुक्रवार

कंपनीला लिहिलं की माझा अहवाल चुकीचा आहे, तो मागे घेते. क्रियाकर्माबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं तेही लिहिलं. मग पोलीस ठाण्यात जबाब दिला. आजींचं नाव घेतलं नाही. लोट्याचं सांगितलं. खूप माणसं आहेत लोट्याला, हवालदार म्हणाले, नाव काय लावतो तिथे? माहीत नाही. बघितला कोणी? नाही. मग तुला कळलं कसं? ते सांगू शकत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. "बाई, सिनेमे जरा कमी बघा."

सरांनी मेसेज केला, सोमवारपासून येऊ नकोस. बाबांना अजून सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज पालखी देवळात परत गेली. मी जायला नको होतं, पण गेले. सगळं गाव जमलं होतं, माडांच्या झावळ्या उन्हात चमकत होत्या. बंदोबस्ताला तेच हवालदार होते. ताई बायकांत उभ्या होत्या, काळा चष्मा लावून. माझ्या पत्राबद्दल त्यांना सरांकडून कळलं असणार. मला बघून त्या किंचित हसल्या, जणू अजून सिनेमा चालू आहे.

एकेक घर पुढे येऊन नारळ देत होतं आणि मानकरी त्या घराचं गाऱ्हाणं घालत होता. मुंबईला असलेल्यांना राख, गुराढोरांना राख, बाळंतिणीला सोडव. दर वाक्याला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात घरातल्या जिवंत माणसांची नावं घेतात. गेलेल्यांची नाही.

आजी पुढे आल्या. सुतक फिटलं होतं, त्यांना वाट मिळाली. मानकऱ्याने नारळ घेतला आणि सुरू केलं, "हे आई, या घरात सासू-सून दोघीच उरल्या..."

"तिघं," आजी म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"तिघं म्हण. सलिलचं नाव घे."

मानकरी गोंधळला. "वहिनी, सलिल गेला ना गो."

ताई एक पाऊल पुढे आल्या, "आई, चला, ऊन लागलंय तुम्हाला." आजींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या देवीकडे बघून बोलत होत्या. इतक्या हळू, की ढोलवाल्याने ढोलावर हात ठेवून तो मुका केला.

"मी सुतकात तुझी ओटी भरल्ये. सगळ्यांनी ऐका. सुतकच नव्हतं म्हणून भरल्ये. माझा मुलगा लोट्याला आहे, जिवंत आहे. चुकलाय. सगुणाच्या माणसाला सोडव. आणि माझ्याला राख. गवताचा जाळला म्हणून त्याचं काही कमी करू नको." मग मानकऱ्याला म्हणाल्या, "आता घाल गाऱ्हाणं."

मानकऱ्याचा आवाज कापत होता, पण त्याने नाव घेतलं. क्षणभर काहीच नाही. मग मागून एक बाई ओरडली, "व्हय म्हाराजा!" ती सगुणा होती. तिच्यामागून सगळे.

हवालदार फोन लावत बाजूला गेले.

ताई माझ्याजवळून गेल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढला. डोळे सुजलेले होते. हे मला अपेक्षित नव्हतं. "तू सांगितलंस तिला?" मी मान हलवली, नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांना ते पटलं. "मग मी हिला ओळखलंच नाही," म्हणाल्या. "तुला ओळखलं होतं."

२ एप्रिल, बुधवार, लांजा

हे साध्या बॉलपेनने लिहिते आहे. हिरवं पेन पोलिसांकडे दिलं, भेट म्हणून नोंद करून. मला त्याची आठवण येते, हेही लिहून ठेवायला हवं.

सलिल लोट्याला एका कारखान्यात दुसऱ्या नावाने सापडले, आता कोठडीत आहेत. समर्थ घरी आला. सगुणाने फोन करून एवढंच सांगितलं, "पितो अजून," आणि हसली. सरांची चौकशी सुरू आहे, माझीही. दोनदा बोलावलं, पुन्हा बोलावतील. बाबांना सगळं सांगितलं. ते कारखान्यातून आलेले, बोटं काजूच्या चिकाने काळी. बराच वेळ ती बोटं बघत बसले आणि म्हणाले, "मग ठरवलंस ना, खरं काय ते." मी विचारलं, रागावलात? म्हणाले, जेवायला बस.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आजी होत्या. गाव त्यांच्याशी बोलतं की नाही, त्या कशा आहेत, काही सांगितलं नाही. ताईही कोठडीत आहेत, घरात त्या एकट्या.

"तू शिकलेली आहेस," म्हणाल्या. "तुरुंगात घरचं खायला देऊ देतात का? विचारून सांगशील? त्याला साखर चालत नाही."

मी उद्या रत्नागिरीला जाते आहे, विचारायला. देऊ देत असतील तर पिशवी मीच नेऊन देईन. या वेळी कुणासाठी नेते आहे ते मला माहीत असेल.